आहाराचा कागद

“काय खायला घालता यांना? पायाची जखम भरणार कशी?” डॉक्टर तिच्यावर डाफरले. साखर तीनशेवर गेलेला नवरा मात्र पंख्याकडे बघत बसला होता. खोडी पोराने काढावी आणि शाळेतून आईला बोलावणं यावं, तसं. ती रोज मापून डबा भरायची आणि रोज त्याच्या खिशात बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन सापडायचं. डॉक्टरांनी आहाराचा छापील कागद तिच्यापुढे सरकवला. “तुम्हीच लक्ष द्या, बाई.” कडेवरचं बाळ चुळबुळलं. हे पोटात होतं तेव्हा तिचीही साखर वाढली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “माझी साखर वाढली, तेव्हा कागद मला दिलात. यांची वाढली, तरी मलाच?” तिने नवऱ्याच्या हातात कागद कोंबला. “वाचा मोठ्याने. मला लेकरू एकच आहे.” पंख्यावरची नजर खाली आली. पहिल्याच ओळीला तो अडखळला. “बिस्किटं... बंद.”