मधली खाट

वृद्धाश्रमात त्या दिवशी चौघींच्या जागी दोघीच मावशी कामावर आल्या होत्या आणि अंथरुणाला खिळलेल्या तेरा जणांची कूस दर दोन तासांनी बदलायची होती. थोरली मावशी दाराकडून सुरुवात करायची, धाकटी खिडकीकडून. मधल्या खाटेशी पोचेपर्यंत धाकटीचा जीव मेटाकुटीला यायचा.

"मला आत्ताच वळवलं थोरलीनं. तू टेक जरा," तिथले आजोबा म्हणायचे. सकाळपासून दर फेरीला म्हणाले, आणि तीही टेकली.

संध्याकाळी थोरली म्हणाली, "बरं झालं बाई, आजोबांना दर वेळी तूच वळवलंस. माझ्या कमरेचा पार भुगा झालाय."

धाकटी धावत सुटली. आजोबा सकाळच्याच कुशीवर पडून होते. पडून-पडून झालेली कमरेवरची जखम उघडून खालची चादर लाल झाली होती.

"रागावू नकोस गं," ते म्हणाले. "मला एवढंच काम जमतं."