बूट हातात घेतलेलं भूत

"दे इकडे," म्हणत साहेबांनी हवालदाराच्या हातातला मोबाइल काढून घेतला. भरदुपारी, भर ठाण्यात हा गृहस्थ एकटाच खुसखुसत बसला होता. साहेब रात्रभर एका गोदामावर पाळत ठेवून आले होते आणि चोर काही फिरकला नव्हता. ओरडायचाही त्यांना कंटाळा आला होता.

"काय आहे हे?"

"चित्रकथा आहे, साहेब. जपानी मांगाच्या धाटणीची. दर आठवड्याला इंटरनेटवर नवा भाग येतो. दोन डिटेक्टिव्ह असतात, भुताखेतांच्या केसेस सोडवतात. आपल्यापेक्षा बऱ्या सोडवतात."

साहेबांनी नजर टाकली आणि ते तिथेच खिळले. चित्रातली चौकशीची खोली त्यांचीच होती. खुर्चीच्या मोडक्या पायाला तीच चिकटपट्टी. मोठ्या डोळ्यांची डिटेक्टिव्ह प्रश्न विचारण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवत होती. ही साहेबांची जुनी युक्ती. समोरच्याला वाटतं, यांना वेळच वेळ आहे, आणि तो बोलायला लागतो. ठाण्याबाहेर ती कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

कोणीतरी घरभेदी आहे, साहेबांनी ओळखलं.

"तू काढतोस हे?"

"मी? साहेब, माझा घटनास्थळाचा नकाशा बघून जज्जसाहेबांनी विचारलं होतं, ही खोली आहे की म्हैस!"

साहेब खुर्चीत टेकले आणि पहिल्या भागापासून वाचू लागले. केस एका घरातल्या भुताची होती. ते अवेळी येई. बूट बाहेरच काढून हातात घेई, किल्लीने दार उघडी, जराही आवाज करत नसे. मुलीच्या खोलीच्या दारात उभं राही. मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपलेली. भूत आत येऊन तिच्या डोक्याकडे हात नेई, मग तो मागे घेई आणि निघून जाई. प्रत्येक भागात एवढंच. शेवटच्या भागात डिटेक्टिव्ह त्या मुलीला विचारत होती, "मंत्र घालून हे दार त्याच्यासाठी कायमचं बंद करता येईल. करू?" पुढचा भाग रविवारी.

"यात एक घोळ आहे, साहेब," हवालदार कुरकुरला. "मुलगी तर झोपलेली. मग भुताने हात मागे घेतला, हे डिटेक्टिव्हला सांगितलं कोणी? साक्षीदार कुठाय?"

साहेबांचं लक्ष नव्हतं. ते मुलीच्या खिडकीकडे बघत होते. तुटलेली कडी निळ्या दोरीने बांधलेली होती. ती वेडीवाकडी गाठ त्यांनी स्वतः मारली होती.

घरभेदी सापडला. पालथ्या घड्याळाची आणि चिकटपट्टीवाल्या खुर्चीची गोष्ट त्यांनीच लेकीला सांगितली होती, ती मांडीवर मावेल एवढी होती तेव्हा. त्यानंतर त्यांचं घरी जाणं म्हणजे ती झोपल्यावर पोचणं आणि ती उठायच्या आत निघणं. निरोप बायकोमार्फत. "मी काय तुमचं पोस्ट ऑफिस आहे?" ती म्हणायची. लेक या रविवारी होस्टेलला निघणार होती, हेही बायकोनेच कळवलं होतं.

तिची झोपमोड होऊ नये म्हणून ते बूट हातात घेत. बाप म्हणून आपण निदान एवढं तरी नीट करतो, असं त्यांना वाटायचं. त्यांना फार वाईट वाटलं. चित्रांत त्यांनी स्वतःला डिटेक्टिव्हांमध्ये शोधलं होतं.

"आज पाळतीवर दुसऱ्या कोणाला तरी पाठव," ते उठत म्हणाले.

"साहेब, तब्येत बरी आहे ना?"

ते घरी पोचले तेव्हा अजून उजेड होता. जिन्यावर बूट काढायला ते सवयीने वाकले आणि तसेच सरळ झाले. किल्ली हातात होती, ती त्यांनी खिशात टाकली आणि बेल वाजवली.

दार लेकीने उघडलं. बोटांना शाई लागलेली. तिने त्यांच्या पायांतल्या बुटांकडे पाहिलं.

"किल्ली हरवली का?"

"नाही."

साक्षीदार कुठाय, हा हवालदाराचा प्रश्न आत्ता कुठे त्यांच्या डोक्यात शिरत होता.

"जागी असायचीस?"

लेक दारातून बाजूला झाली.

"रोज," ती म्हणाली. "तुमचा हात डोक्यावर येईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, असं ठरवलं होतं."