तांबं धरतं तेव्हा
कारखान्यात नळांना मुलामा चढवण्यात चाळीस वर्षं घालवलेले बाबा लेकीच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदाच आले. तिनं करंट सोडला, आणि सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर द्रावणातल्या तांब्याचे मोजके स्फटिक पट्टीवर उगवले, वेडेवाकडे फोफावले. त्यांच्या मधली जागा उघडीच राहिली. “तीन वर्षं जिवाचं रान केलं, अखंड थर काही बसत नाही,” ती म्हणाली. “आज यंत्रावरची माझी शेवटची पाळी.” बाबा पडद्याला नाक लावून बसले. “आधी क्षणभर जोराचा झटका दे, मग करंट उतरव. आम्ही तसंच करायचो.” “का?” “ते तू शिकलीस, तू सांग.” तिनं तसं केलं. पडद्यावर एकदम असंख्य ठिपके उमटले, सावकाश वाढत एकमेकांना भिडले आणि त्यांचा एकसंध थर झाला. “झटक्यानं एकदम सगळीकडे स्फटिक धरतात, म्हणून मधे जागाच उरत नाही,” लेक म्हणाली. “एवढी वर्षं माझ्या हातून हे घडत होतं होय,” बाबा पुटपुटले. “पुन्हा दाखव.”