सुलेखाताई स्टिअरिंग काढतात

सुलेखाताईंचं डोकं ब्रेकच्या पेडलला टेकलं होतं आणि पाय सीटच्या पाठीवरून, कापडी टप मागे दुमडलेल्या गाडीतून, थेट गॅरेजच्या छताकडे गेले होते. तेवढ्यात पोटावर ठेवलेला फोन वाजला. ‘अहो’ अशी अक्षरं चमकू लागली.

“कुठे आहेस?” काशिनाथरावांनी विचारलं.

“मुग्धाकडे. चकल्या करतोय.” हातातला पाना निसटून त्यांच्या कपाळावर आपटला.

“कसला आवाज गं?”

“सोऱ्या पडला.”

“बरं बरं. सावकाश ये. अजिबात घाई करू नकोस.”

“आणि तुम्ही?”

“मी मंडळाच्या हॉलवर. कंदील लावतोय. सकाळी तू पोहायला गेलीस ना, तेव्हाच मंडळातला चंद्रहास मला त्याच्या गाडीतून घेऊन आला. आपली घरीच आहे, कव्हरखाली. पुसून-बिसून ठेवलीय. गॅरेजमध्ये जाऊ नकोस हं उगाच, धूळ उडते.”

“मी कशाला जातेय गॅरेजमध्ये?” सुलेखाताई गाडीतून म्हणाल्या.

फोन बंद झाला आणि त्यांनी पाना पुन्हा उचलला. बाहेर वेलिंग्टनचा वारा गॅरेजचं दार हलवून बघत होता. दार हललं की त्यांना वाटे, आलेच.

उद्या दिवाळीचा पाडवा. ओवाळणी झाली की रेमुटाकाचा घाट ओलांडून ग्रेटाउनला, लेकीकडे जायचं ठरलं होतं. जायचं याच गाडीतून. गाडी लाल, दोन सीटांची आणि वजनाला इतकी हलकी की वाऱ्याचा झोत आला की शेजारच्या लेनमधल्या लोकांची विचारपूस करून परत येई.

काशिनाथरावांनी सरकारी खात्यात कॉम्प्युटरसमोर बसून जन्म काढला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली आणि सगळं बसणं एकदम वसूल करायला काढलं. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा शेंगांच्या पिशवीत. मागच्या खेपेला तर दरीच्या अगदी तोंडाशी त्यांनी दोन्ही हात वर केले होते.

“बघ, हात सोडले तरी सरळ जाते! स्वीट अ‍ॅज!” म्हणजे इथल्या पोरांच्या बोलीत ‘एकदम झकास’.

सरळ जात होती हे खरं. रस्ता वळत होता.

सुलेखाताई डोळे मिटून रामरक्षा म्हणत. काशिनाथरावांना वाटे, बायको खुशीत गुणगुणतेय. मला भीती वाटते, एवढंच सांगायचं होतं. पण लग्नानंतर स्कूटरवर पहिल्यांदा मागे बसताना “मला नाही बाई भीती वाटत” असं त्या म्हणून बसल्या होत्या, आणि तेव्हापासून ते वाक्य मोडायला जीभ वळत नव्हती.

बॅटरी काढली असती तर नवऱ्याने दुसरी आणली असती. चाकातली हवा सोडली असती तर भरली असती. स्टिअरिंगचा अख्खा दांडा काढला, तर मात्र ते आठवडाभर नुसते गाडीभोवती फिरले असते. सुलेखाताईंनी भोसरीच्या कारखान्यात ट्रकच्या स्टिअरिंगची ड्रॉइंग्ज काढली होती. कुठला बोल्ट कुठे असतो ते त्यांना दिसत नसलं तरी माहीत होतं.

घाटाची भीती घालवायला त्यांनी दुसरी भीती ओढवून घेतली होती, ती एअरबॅगची. बॅटरी सोडवून त्या अर्धा तास देवासमोर बसून आल्या होत्या, कारण वीज पुरती उतरल्याशिवाय एअरबॅगला हात लावायचा नसतो. मग डोळे घट्ट मिटून पिवळा प्लग उपटला. फुटली नाही. ती त्यांनी तान्ह्या बाळासारखी अलगद उचलून, तोंड वर करून फ्रीझरवर ठेवली आणि लांब उभं राहून तिला नमस्कार केला.

आत शिरताना सीट मागे-पुढे करावी लागली नव्हती. त्यांच्या बेताने ती पुढेच होती. पायाशी शेंगेचं एकही टरफल नव्हतं. उद्यासाठी एवढी साफसफाई केली बिचाऱ्याने, असं वाटून त्यांचा जीव थोडा कासावीस झाला. पण मग दरी आठवली.

खालच्या सांध्यावर त्यांनी कुंकवाची रेघ ओढली. दिवाळी सरली की त्याच खुणेवर गुपचूप परत बसवायचं. शेवटचा बोल्ट हटून बसला होता. “सुट रे बाबा,” म्हणत त्यांनी सगळं अंग पान्यावर टाकलं. कट्‌ असा आवाज झाला आणि स्टिअरिंगचा दांडा सुटून त्यांच्या छातीवर आला.

त्याच क्षणी गॅरेजचं बाजूचं दार उघडलं.

“अगं! तू मुग्धाकडे होतीस ना?” हातात झेंडूचा हार घेऊन काशिनाथराव उभे होते.

“आणि तुम्ही हॉलवर होतात ना?” आतून आवाज आला.

सुलेखाताईंनी आधी पाय खाली घेतले, मग त्या दांड्यासकट उभ्या राहिल्या. जीभ आता थांबायला तयार नव्हती.

“रागवा हवं तर. तुमच्या गाडीचं स्टिअरिंग काढलंय मी. घाटात मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी गुणगुणत नाही, रामरक्षा म्हणते! मला भीती वाटते हो. या गाडीत मी परत पाऊल ठेवणार नाही.”

काशिनाथरावांनी दांड्याकडे पाहिलं. मग त्यांनी सुलेखाताईंना हाताला धरून हळूच बाजूच्या दारातून बाहेर नेलं. उतारावर, वाऱ्यात किंचित डुलत, हुबेहूब तशीच लाल स्पोर्ट्स कार उभी होती. सीटवर शेंगांची पिशवी होती.

“माझ्या गाडीचं जागेवर आहे,” ते म्हणाले. “तू काढलंस ते तुझ्या गाडीचं. उद्या ओवाळणीत घालणार होतो.”