सगळ्यात जवळचा

“पुढच्या मोसमाला दोघांपैकी एकच ठेवायचाय,” कोच म्हणाले. “बोला मास्तर, बचाव कुणाचा पक्का?”

मास्तर म्हणजे बास्केटबॉल संघाचे नोंद ठेवणारे. समोरच्यांनी बास्केट केली की ती आपल्यातल्या कुणाच्या नावावर मांडायची, हे अकरा वर्षं तेच ठरवत. नियमही त्यांचाच: चेंडू सुटताना जो सगळ्यात जवळ, त्याच्या नावावर. मग तो कुणी का असेना. या नियमाचा मास्तरांना कोण अभिमान!

त्यांनी कागद पुढे केला. नव्या पोराच्या नावावर सामन्याला समोरच्यांचे सहा गुण. अडसरच्या नावावर चौदा. आडवा उभा राहिला की कुणी पुढे जात नाही, म्हणून त्याला सगळे अडसर म्हणत. एकेकाळी.

“सहा कुठे आणि चौदा कुठे! वय झालं त्याचं. मीच सांगतो त्याला,” म्हणत कोच गेले.

मास्तरांना चैन पडेना. त्यांनी अडसरवर मांडलेल्या बास्केट पडद्यावर लावल्या. पहिलीत नव्याचा माणूस, म्हणजे नव्याने ज्याला अडवायचं तो, नव्याला चकवून निघाला. नवा हात झटकून बाजूला झाला, चांगला चार पावलं लांब. पार दुसऱ्या टोकाकडून अडसर धावत आला, उडी मारली, आपटला. बास्केट झालीच. जवळ कोण? अडसर. दुसरीत तेच. तिसरीत माणूस आणखी भलत्याचाच, धावला मात्र हाच.

चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि तो नवा, लबाड लेकाचा, त्याला नियम बरोबर कळला होता.

ते धापा टाकत कोचच्या मागे गेले. “थांबा हो, कागद चुकलाय!”

कोच परत येत होते. “सांगून झालं त्याला. वरही कळवलं,” ते म्हणाले. “आणि मास्तर, अकरा वर्षं याच कागदावर मी माणसं काढली. तेव्हा बरा बरोबर होता?”

मास्तरांना ती सगळी माणसं आठवली. त्यांना रडू आवरेना.

कपडे बदलायच्या खोलीत अडसर एकटाच होता. गुडघ्यावर बर्फाची पिशवी, बाकावर उघडी बॅग, कपाट रिकामं.

“तो तुझा माणूस नव्हता रे,” मास्तर म्हणाले. “कशाला धावायचास?”

“अहो, मोकळा सुटला होता की तो.”

“माझा नियमच चुकला. मला दिसायला हवं होतं.”

अडसरने बर्फाची पिशवी बेसिनमध्ये रिकामी केली, हात पुसले आणि एक मास्तरांच्या खांद्यावर ठेवला.

“चुकलं कुठे, मास्तर? सगळ्यात जवळ मीच होतो.”