प्रयागबाईंचं म्हणणं

नागपूरच्या त्या दवाखान्यात प्रयागबाई हृदयाच्या दुखण्यानं पाच महिने पडून होत्या. पायांची सूज उतरायची, पुन्हा चढायची. डॉक्टर पुष्पलता काही विचारायला गेल्या की मुलगा वामन मध्येच तोंड घालायचा आणि आईची सगळी उत्तरं स्वतःच द्यायचा. डॉक्टरांना त्याचा फार राग यायचा. दुखणं आईचं आणि बोलणार हा.

दिवाळी सरल्यावर एके सकाळी त्यांनी वामनला औषध आणायला पिटाळलं, केसपेपर बाजूला ठेवला आणि खाटेवरच बसल्या.

“आजी, हे दुखणं आता पुरतं बरं होणारं नाही. तुम्हाला काय हवं, ते तुम्हीच सांगा.”

प्रयागबाईंनी त्यांचा हात धरला.

“मले घरी जाऊ दे वं बाई. माह्या ओट्यावर बसू दे. तिथं जीव गेला तं जाऊ दे.”

डॉक्टरांनी तिथंच सुट्टीचा कागद लिहिला. प्रयागबाई उठून लुगड्यांचं गाठोडं बांधायला लागल्या.

वामन व्हरांड्यात भेटला. “उद्या आईंना घरी न्या,” डॉक्टर जरा कडकच बोलल्या. “त्यांनी स्वतः सांगितलंय.”

वामननं हातातला कागद परत डॉक्टरांपुढं धरला.

 

“कुठं नेऊ, बाई? यंदा धरण भरलं अन् आमचं गाव पाण्याखाली गेलं. मायले सांगाची हिंमतच झाली नाही.”