आणखी एक पाठ

"पुन्हा पाठ घ्यावा लागेल," गणिताच्या बाई म्हणाल्या.

छोट्या बाईंनी मान खाली घातली. छोट्या बाई म्हणजे बी.एड.ची विद्यार्थिनी. सरावासाठी या शाळेत आली आणि सहावीच्या पोरांनी पहिल्याच दिवशी तिला हे नाव चिकटवून टाकलं.

"आज काय चुकलं, बाई?"

"फळ्याशी बोलत होतीस. मुलं बाकांवर बसतात, फळ्यात नाही. आणि 'समजलं का?' असं विचारलं की ती 'हो'च म्हणणार. बिचाऱ्यांना सुटका हवी असते."

दोघी हसल्या. मग रिकाम्या वर्गात डबे उघडले आणि अपूर्णांकांवरची चर्चा मधली सुट्टी संपेपर्यंत रंगली.

खरी गोम तिथेच होती. गणिताच्या बाई शिक्षकखोलीत शिरल्या की तरुण मंडळींच्या गप्पा आटायच्या. घरी तर बोलायलाच कोणी नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक सातासमुद्रापार, उरल्या चार भिंती, आणि त्या काही 'हं' म्हणत नाहीत. शनिवारी शाळा सुटल्यावर मिटलेलं तोंड कधीकधी थेट सोमवारी, हजेरी घेतानाच उघडायचं.

मार्गदर्शक शिक्षिकेने 'पाठ ठीक' म्हटल्याशिवाय कॉलेज सरावातून मोकळं करत नाही, हा नियम बाईंना तोंडपाठ होता. उभ्या आयुष्यात त्यांनी कोणाचा अर्धा गुण उगीच कापला नव्हता. पण या पोरीच्या बाबतीत त्यांची नियत फिरली. पाठ जरा बरा झाला की त्या काहीतरी खुसपट काढायच्या.

पोरगीही अशी, की खुसपट फार शोधावं लागायचं नाही. फळ्याशी बोलणं सुटलं, तर फक्त पुढच्या बाकांना प्रश्न. ते सुधारलं, तर स्वतःच विचारायचं आणि स्वतःच उत्तर देऊन मोकळं व्हायचं. एकदाच, कॉलेजचे सर मागच्या बाकावर येऊन बसले तेव्हा, तिचा पाठ असा झाला की बाईसुद्धा वर्ग विसरून ऐकत राहिल्या. सर मान डोलावून गेले. दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न!

'सर समोर असले की कोणालाही हुरूप येतो,' बाईंनी मनाची समजूत घातली. त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

मग एके दिवशी जिन्यात चित्रकलेचे सर भेटले.

"बाई, तुमच्या छोट्या बाईंना म्हणे दूरच्या एका शाळेने बोलावलंय. कायमची नोकरी! पण ती जायलाच तयार नाही. इथलं काम संपलं नाही म्हणते."

बाई पायरीवरच थांबल्या. कायमची नोकरी आजकाल मिळते कुठे? आणि आपण डबा खायला सोबत हवी म्हणून पोरीच्या अन्नात माती कालवतोय.

त्या दिवशीही छोट्या बाईंनी स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच दिलं. बाईंनी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

"पाठ उत्तम झाला," त्या म्हणाल्या. "आता सराव पुरे."

डबा उघडता उघडता पोरीचा हात थांबला. "पण बाई, आज तर मी..."

"मार्गदर्शक कोण? तू की मी?"

"आणखी एक पाठ घेते ना. शेवटचा."

"काही नको."

"मग नुसती मधल्या सुट्टीत आले तर?"

"शिकून झालं की इथं घुटमळायचं नसतं. आणि मलाही कामं असतात गं. तुझ्या नादात सगळी तुंबलीत." आवाज फुटू नये म्हणून बाई जरा जोरातच बोलल्या.

पोरगी त्यांच्याकडे पाहत राहिली. "खरंच खूप कामं आहेत, बाई?"

"श्वास घ्यायला फुरसत नाही."

"बरं," ती म्हणाली आणि डबा तसाच घेऊन गेली.

बाईंनी आपला डबा उघडला आणि दोन घास खाऊन बंद केला. मनावरचं ओझं मात्र उतरलं होतं. शाळा सुटल्यावर त्यांनी त्याच वर्गातून कॉलेजच्या सरांना फोन लावला.

"सर, तिचा सराव पूर्ण झाला असं समजा. उशीर माझ्यामुळे झाला, तिचा काही दोष नाही."

"उशीर?" सर गोंधळले. "अहो बाई, मी तुमच्या वर्गात येऊन बसलो ना, त्याच दिवशी तिचा सराव संपला. हल्ली आमचं निरीक्षण पुरतं, शाळेच्या होकारासाठी थांबत नाही. त्यानंतर ती आपणहून येत होती."

बाई हळूच मुलांच्या बाकावर टेकल्या.

"त्या लांबच्या शाळेला तिचं नाव मीच सुचवलं होतं. इतके दिवस ऐकत नव्हती, आज दुपारी अचानक आली आणि होकार देऊन गेली. डोळे लाल झाले होते. विचारलं, आता एकदम काय झालं? तर म्हणाली, बाईंना आता माझी गरज उरली नाही."